सोसायटीच्या मोठ्या बागेचे सुटे भाग जोडताना: नवख्या उद्यान समितीसाठी मार्गदर्शन

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या सोसायटीत सहा इमारतींच्या मध्ये सुमारे सत्तर गुंठे, म्हणजे पावणेदोन एकर, बाग आहे. फाटकाजवळचे गणपतीचे मंदिर आणि त्यापुढचे फरसबंद अंगण, मुलांची खेळण्याची जागा, मोठी हिरवळ, पिंपळाखालचा ज्येष्ठांचा कट्टा आणि मागच्या भिंतीलगतची आंबा, चिकू, फणसाची जुनी बाग असे तिचे पाच भाग आहेत. हे भाग वेगवेगळ्या समित्यांनी वेगवेगळ्या वर्षी केले. प्रत्येक भाग आपापल्या जागी चांगला होता, परंतु एकातून दुसऱ्यात जाण्यासाठी उभ्या गाड्यांमधून वाट काढावी लागे, आणि फळबागेत तर माळ्याशिवाय कुणी फिरकतच नसे. उद्यान उपसमितीत असताना या बागेची फेरआखणी पूर्ण करण्यात मला दोन वर्षे लागली. त्यांतले निदान सहा महिने चुका दुरुस्त करण्यात गेले. तो वेळ इतरांचा जाऊ नये म्हणून कामाचा क्रम येथे सविस्तर लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. बाग जोडायची ठरली की बहुतेक समित्या कारंजे, कमान, सेल्फीची जागा असा एखादा नवा भाग आखायला घेतात. त्यामुळे पाचाचे सहा तुकडे होतात. लक्ष द्यायचे ते भागांच्या मधल्या, कुणाच्याच नसलेल्या जागेकडे. माणसे आणि पाणी त्या जागेतून आजही जात असतात, म्हणून आखणीची सुरुवात तेथूनच करावी.

१. एक पावसाळा केवळ निरीक्षणासाठी ठेवा

ठाणे परिसरात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. कोरड्या दिवसांत बाग पाहून केलेली आखणी जुलैत हमखास फसते. जोराची सर थांबल्यावर पंधरा मिनिटांनी छत्री घेऊन खाली उतरावे आणि पाणी कोठून शिरते, कोठे तुंबते आणि कोठून बाहेर पडते, हे मंजूर नकाशाच्या छायाप्रतीवर निळ्या पेन्सिलीने काढावे. असे किमान पाच-सहा वेळा करावे.

त्याच नकाशावर लाल पेन्सिलीने माणसांच्या वाटा काढाव्यात. सकाळी सहाला फिरणारे, शाळेच्या बसकडे धावणारी मुले, दुपारी कामाला येणाऱ्या बायका आणि संध्याकाळी कट्ट्यावर जमणारी मंडळी यांच्या वाटा निरनिराळ्या असतात. हिरवळीवर गवत मरून उमटलेली पायवाट दिसली, तर ती कुंपण घालून बंद करू नये, कारण रहिवाशांनी आपल्या पायांनी दिलेले ते मत असते. आमच्याकडे अशा तीन वाटा होत्या आणि अखेरच्या आराखड्यात तिन्ही कायम राहिल्या.

२. कागदपत्रे आणि साधने जमवा

महापालिकेने मंजूर केलेला इमारत आराखडा, भोगवटा प्रमाणपत्र, पाणी, मलनिस्सारण आणि पर्जन्यजल वाहिन्यांचा नकाशा, बागेतील वीजतारांचा आणि गॅसवाहिनीचा मार्ग, पर्जन्यजल संधारणाच्या खड्ड्यांच्या जागा आणि सोसायटीचे उपविधी एवढी कागदपत्रे एका फाइलमध्ये हवीत. मंजूर आराखड्यात मनोरंजनासाठी राखीव म्हणून दाखवलेली मोकळी जागा वाहनतळासाठी वापरता येत नाही, आणि अग्निशमन गाडीचा मार्ग कोणत्याही कारणाने अरुंद करता येत नाही. या दोन सीमा आधी ठळक रंगवून ठेवाव्यात.

बागेखाली तळघर किंवा पोडियम (म्हणजे खालच्या वाहनतळाचे छत) असल्यास संरचना अभियंत्याच्या लेखी सल्ल्याशिवाय एक घमेले मातीही वाढवू नये. ओल्या मातीचा एक घनमीटर साधारण १.८ ते २ टन भरतो. याचा अर्थ असा, की केवळ ३० सेंटिमीटरचा थर दर चौरस मीटरला साडेपाचशे ते सहाशे किलो भार टाकतो. पोडियमवर टेकडी करून देतो असे सहज सांगणारे ठेकेदार भेटतात. हा हिशेब त्यांच्यापुढे अवश्य मांडावा.

साधने फार लागत नाहीत. ३० मीटरचा टेप, खुंट्या, सुतळी, फक्कीसाठी चुना, दोन उंच बांबू, पहार आणि पातळी काढण्यासाठी पंधरा-वीस मीटर लांबीची पारदर्शक नळी एवढ्यावर काम होते. नळीच्या दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीला राहते, त्यावरून दोन जागांतला फरक मोजता येतो; म्हणून पाणी भरताना आत हवेचा बुडबुडा राहणार नाही, याची खात्री करावी. एक बुडबुडा राहिला तरी संपूर्ण मोजणी चुकते.

३. पातळ्या मोजा

लांबी-रुंदी सगळेच मोजतात, पातळी मात्र बहुतेक जण डोळ्याने ठरवतात. सपाट दिसणारी आमची हिरवळ प्रत्यक्षात एका टोकाला ४० सेंटिमीटर खाली होती. पाच भागांच्या मध्यबिंदूंची आणि त्यांना जोडणाऱ्या प्रत्येक संभाव्य वाटेची दर पाच मीटरवरची पातळी नोंदवावी. प्रत्येक चेंबरच्या झाकणाची पातळीही त्याच यादीत घ्यावी, कारण वाट झाकणापेक्षा उंच झाली तर झाकण पेव्हर ब्लॉकखाली गाडले जाते आणि पुढे गटार तुंबल्यावर नवी वाट उखडावी लागते. आमच्याकडे एकदा नेमके हेच झाले.

४. झाडांची नोंद करा आणि परवानगीचा विचार आधी करा

प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा आणि जात, जमिनीपासून सुमारे १.३७ मीटर उंचीवरचा घेर आणि फांद्यांचा विस्तार लिहावा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड तोडण्यासाठी पूर्वपरवानगी आवश्यक असते आणि त्यासाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. फांद्या छाटायच्या असल्या तरी आधी उद्यान विभागाकडे विचारणा करावी. २०२१ मधील दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष मानले जाते. माझे स्पष्ट मत असे आहे, की वाट आखताना एखादे मोठे झाड आड येत असेल तर चूक वाटेची आहे. वाट वळवावी. मोठे झाड मुळासकट हलवून दुसरीकडे लावण्याचा प्रस्ताव ऐकायला आकर्षक वाटतो, पण अशी झाडे मोठ्या प्रमाणावर मरतात, म्हणून तो पर्याय शेवटचा समजावा.

खोडाभोवती किमान एक मीटर माती उघडी राहिली पाहिजे. फांद्यांच्या सावलीखाली खोल खणू नये आणि मुळांवर भरावही टाकू नये. भरावाने मुळांची हवा तुटते आणि झाड दोन-तीन वर्षांनी वाळते, तोवर कारण कुणाच्या ध्यानातही राहत नाही. पिंपळाजवळची आमची वाट खणून केलेलीच नाही. तेथे जमिनीच्या वरच जांभ्याचे चिरे सुटे बसवले आहेत.

या टप्प्यावर आणखी एक चौकशी अत्यावश्यक आहे. सोसायटीतील कित्येक झाडे कुणाच्या तरी आठवणीत लावलेली असतात. खेळण्याच्या जागेजवळचा एक वाकडा प्राजक्त आम्ही हलवण्याच्या यादीत घातला होता. पाचव्या मजल्यावरच्या आजींनी शांतपणे सांगितले, की तो त्यांच्या यजमानांनी रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी लावला होता. आज मुख्य वाट त्या प्राजक्ताला वळसा घालून जाते, आणि तेथे ठेवलेला बाक संपूर्ण बागेत सर्वांत जास्त वापरला जातो. म्हणून झाडांची यादी सूचनाफलकावर पंधरा दिवस लावावी आणि नोंदी मागवाव्यात.

५. मुख्य वाट फक्कीने आखून चालून पाहा

सगळ्या भागांना स्पर्श करून जाणारी एकच मुख्य वाट असावी आणि तिच्यापासून लहान वाटा फुटाव्यात. मुख्य वाट १.८ मीटर रुंद ठेवली तर चाकांच्या दोन खुर्च्या समोरासमोरून जाऊ शकतात. उपवाटेला १.२ मीटर पुरतात. हिरवळीतून सुट्या फरशा टाकायच्या असतील तर त्यांच्या मध्यांतले अंतर साधारण ६० सेंटिमीटर ठेवावे. कागदावर सुंदर दिसते म्हणून ते ७५ केले, तर ज्येष्ठांना प्रत्येक पावलाला उडी मारल्यासारखे चालावे लागते.

आखलेली वाट लगेच बांधायला घेऊ नये. दिवाळीनंतर, जमीन कोरडी झाल्यावर, खऱ्या रुंदीत फक्की मारावी आणि तीन आठवडे काहीही करू नये. पहिल्या प्रयत्नात आम्ही हा टप्पा वगळला. एका सल्लागाराच्या चित्रातील डौलदार वळण थेट पेव्हर ब्लॉकमध्ये उतरवले आणि महिन्याभरात त्या वळणाला छेद देणारी मातीची सरळ वाट तयार झाली. वळणाला कारण लागते. झाड, बाक, उतार किंवा पाणी यांपैकी काही समोर असेल तर माणूस आपोआप वळतो, अन्यथा तो सरळच जातो.

वाट जेथे गाड्यांचा रस्ता ओलांडते, तेथे बागेची खरी तोड असते. त्या पट्ट्यात वाटेचेच ब्लॉक, तोच रंग आणि तीच रुंदी पुढे न्यावी आणि रस्ता हलक्या उताराने उचलून वाटेच्या पातळीला आणावा, म्हणजे थांबण्याची जबाबदारी चालणाऱ्यावर न राहता गाडीवर येते. चढ इतका सौम्य असावा की अग्निशमन गाडीला अडथळा होणार नाही. हा पट्टा अंतिम करण्यापूर्वी सोसायटीची अग्निसुरक्षा पाहणाऱ्या परवानाधारक संस्थेला जागेवर आणून दाखवावा. या पट्ट्यावर ८० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक वापरावेत. नुसत्या पायवाटेला ६० मिलिमीटर पुरतात.

६. पाण्याची वाट हाच मुख्य दुवा समजा

आमच्या निळ्या आणि लाल रेषा एकाच कागदावर आल्या तेव्हा एक गोष्ट आपोआप दिसली. येऊरकडून येणारे पाणी फळबागेत शिरत होते, हिरवळीच्या खोलगट कडेने वाहत होते, कट्ट्याच्या मागून खेळण्याच्या जागेपाशी तुंबत होते आणि शेवटी फाटकाजवळच्या जाळीतून खाडीच्या दिशेने जात होते. पाच भागांना जोडणारी रेषा तेथे आधीपासूनच होती. आम्ही तिला पसरट चराचे रूप दिले आणि मुख्य वाट तिच्या काठाने नेली.

पाण्याचा अंदाज हिशेबाने घ्यावा. एक हजार चौरस मीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी होते, आणि ठाण्यात एका दिवसात एवढा पाऊस दर वर्षी पडतो. म्हणून अरुंद, खोल गटाराऐवजी सुमारे दीड मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल, कडा अलगद उतरलेला चर घ्यावा. त्यात मूल पडले तरी इजा होत नाही, आणि उन्हाळ्यात तो बागेचाच भाग दिसतो. तळाला गोटे अंथरावेत, काठावर कर्दळ, वाळा आणि स्पायडर लिली लावावी.

पाणी किती वेगाने जिरते हे पाहण्यासाठी ३० सेंटिमीटरचा खड्डा खणून तो भरावा, पाणी जिरले की पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळी लागलेला वेळ मोजावा. पहिल्या वेळचा आकडा कोरड्या मातीचा असतो, तो दिशाभूल करतो. चरातले पाणी दोन दिवसांच्या आत ओसरलेच पाहिजे. डासांना अंड्यापासून पूर्ण वाढीला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे दोन दिवसांची मर्यादा पाळली तर या चरामुळे डेंग्यूची धास्ती बाळगण्याचे कारण राहत नाही. शोषखड्डे करावेत, परंतु जुलै-ऑगस्टमध्ये जमीन तुडुंब भिजलेली असताना ते पाणी घेत नाहीत, म्हणून प्रत्येक शोषखड्ड्याला पर्जन्यवाहिनीपर्यंत जाणारी वरची नळी हवीच.

आता आमच्या सर्वांत महागड्या चुकीविषयी. ठेकेदाराने वाटेच्या दोन्ही कडांना दहा सेंटिमीटर उंच कर्ब, म्हणजे कडेचे उभे दगड, बसवले आणि ते नीटनेटके दिसतात म्हणून आम्हीही मान्यता दिली. पहिल्याच मोठ्या पावसात ती वाट बंधारा झाली. हिरवळ तीन दिवस पाण्याखाली राहिली आणि गवत कुजले. कडेचा दगड जमिनीच्या पातळीतच बसवावा. उंच ठेवावाच लागला, तर दर दोन मीटरवर मोकळी फट ठेवावी. वाटेला चराच्या बाजूने रुंदीच्या दोन टक्के ढाळ द्यावा, म्हणजे १.८ मीटर वाटेला सुमारे साडेतीन सेंटिमीटर. हा ढाळ चालणाऱ्याला जाणवत नाही, पण शेवाळ धरत नाही.

७. उंचसखल भाग उताराने जोडा

फळबाग हिरवळीपेक्षा ७५ सेंटिमीटर उंच आहे आणि तेथे पूर्वी तीन पायऱ्या होत्या, प्रत्येकी २५ सेंटिमीटरच्या. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी त्या पायऱ्या बंद दरवाजासारख्याच होत्या. चाकांच्या खुर्चीसाठी उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे ७५ सेंटिमीटर चढायला नऊ मीटर लांबी लागते. जागा असेल तर १:२० घ्यावा. मग पंधरा मीटर लागतात, परंतु तो उतार न वाटता वाटच वाटतो. आम्ही तो चराच्या काठाने नेला आणि शेजारी १५ सेंटिमीटरच्या पाच पायऱ्याही ठेवल्या. पृष्ठभाग खडबडीत हवा. घासलेली शहाबादी फरशी किंवा पॉलिश केलेला कडप्पा पावसाळ्यात घसरतो, त्यामुळे बागेत तो कोठेही वापरू नये.

८. लागवडीची आखणी करा

निरनिराळे भाग एका बागेचे वाटावेत यासाठी तीन-चार वनस्पती सर्व भागांत पुन्हा पुन्हा आल्या पाहिजेत. आम्ही वृक्षांत बकुळ, झुडपांत तगर आणि काठासाठी स्पायडर लिली निवडली. बकुळ हळू वाढतो, ही त्याच्याविषयीची तक्रार खरी आहे, पण त्याची सावली बारमाही असते. मंदिराच्या अंगणापासून फळबागेपर्यंत सकाळी तोच फुलांचा सडा दिसतो, तेव्हा बाग एक झाली हे कुणाला सांगावे लागत नाही. चराजवळच्या ओलसर मातीत ताम्हण चांगला येतो. उन्हाच्या कोपऱ्यात बहावा लावावा.

वाटेच्या प्रत्येक वळणावरून पुढच्या भागाचा काही अंश दिसला पाहिजे. दोघांनी बांबूला लाल कापड बांधून पुढच्या जागी उभे राहावे आणि तिसऱ्याने वाटेवरून पाहावे. जेथे कुंपण आड येते तेथे ते ७५ सेंटिमीटरपर्यंत उतरवावे. खेळण्याची जागा कट्ट्यावरून दिसू लागल्यावर आमच्याकडे आजी-आजोबा आणि नातवंडे एकाच वेळी खाली उतरू लागली.

मुलांच्या वावराच्या जागी कण्हेर आणि बिट्टी लावू नयेत, त्यांचे सर्व भाग विषारी असतात. गुलमोहर वाटेवर नको, वादळात त्याच्या फांद्या मोडतात. गच्च सावलीत हिरवळीचा हट्ट धरू नये. लाल मातीच्या नावाखाली येणारा ट्रक रिकामा होण्यापूर्वी तपासावा, कारण त्यात अनेकदा निम्मा मुरूम असतो.

दिव्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर, गुडघ्याच्या उंचीचे आणि खाली प्रकाश टाकणारे दिवे मुख्य वाटेवर पुरेसे होतात. झाडांवर प्रकाशझोत सोडू नयेत.

९. सभा, दरपत्रके आणि ठेकेदार

सर्वसाधारण सभेच्या कार्यसूचीत विषय स्वतंत्रपणे आणि अंदाजित खर्चासह मांडावा. आदल्या रविवारी सभासदांना फक्कीच्या रेषेवरून चालवावे. चित्रफितीपेक्षा या फेरीने शंका लवकर फिटतात. शक्य असेल तर इच्छुकांना कोलशेतच्या सेंट्रल पार्कमध्ये आणि नवी मुंबईतल्या नेरुळच्या धारण तलावाभोवतीच्या (पावसाचे पाणी साठवून ठेवणाऱ्या तलावाभोवतीच्या) पायवाटेवर घेऊन जावे. पहिल्या ठिकाणी वेगवेगळ्या देशांच्या शैलीतील भागांमधून माणसे कशी सरकतात ते पाहावे, दुसऱ्या ठिकाणी पाण्याच्या काठाने जाणारी एकच वाट सगळा परिसर कसा बांधते ते पाहावे.

किमान तीन दरपत्रके एकाच मोजमापाच्या तक्त्यावर मागवावीत: वाट चौरस मीटरमध्ये, कडेचे दगड धावत्या मीटरमध्ये, माती आणि मुरूम ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), झाडे खोडाच्या घेरासह नगांवर. 'बाग सुशोभीकरण, एकरकमी' अशी ओळ असलेले दरपत्रक परत करावे. देयकाचे दहा टक्के सप्टेंबरअखेरपर्यंत राखून ठेवण्याची अट करारातच घालावी.

१०. कामाचा क्रम

जानेवारीत वाहिन्या आणि चर, फेब्रुवारी-मार्चमध्ये वाटा आणि उतार, एप्रिलमध्ये दिव्यांच्या तारा, मेमध्ये खड्डे भरून शेणखत घालणे, आणि मृग लागून जमीन भिजल्यावर लागवड असा क्रम ठेवावा. खणण्यापूर्वी वीजतार आणि गॅसवाहिनीचा मार्ग जमिनीवर रंगवून घ्यावा. झाडे आधी लावून वाट नंतर करण्याचा मोह फार होतो, कारण सभासदांना हिरवे काहीतरी लवकर हवे असते. पण टेम्पो आणि रेतीचे ढीग त्याच रोपांवर येतात.

लागवडीनंतरच्या पहिल्या जुलैत निरीक्षणाचा नकाशा पुन्हा हातात घ्यावा, तशाच सरीनंतर खाली उतरावे आणि जेथे पाणी साचले असेल त्या जागा ठेकेदाराच्या उपस्थितीत रंगाने खूण करून त्याच्याकडून दुरुस्त करून घ्याव्यात. गणपतीपर्यंत मेलेली रोपे मोजून बदलून घ्यावीत. या दोन्ही नोंदींवर समितीच्या सह्या झाल्यावरच राखून ठेवलेली रक्कम द्यावी.